मेघातला घ

हेमलता उजागरे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शेणखतावरून.

१९८३ साल. मी तेवीस वर्षांची, मध्य दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. परदेशी भाषांतले शास्त्रीय लेख इंग्रजीत आणायचे आणि ज्या संशोधकानं मागितले त्याला पाठवायचे, हे आमचं काम. रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन अशी टेबलं होती. जर्मनच्या टेबलावर उजागरेबाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, उंच, हडकुळ्या, पदर कमरेला खोचून लिहायला बसायच्या. मूळच्या अहमदनगरच्या. वडील छावणीत ओव्हरसियर होते, त्यांच्या बदलीबरोबर दिल्लीला आल्या आणि वडील गेल्यावर आईला घेऊन इथेच राहिल्या. ख्रिस्ती कुटुंब, मिशनच्या शाळेत शिक्षण, पण शाळेत संस्कृतला पहिला नंबर. लग्न केलं नव्हतं.

तर त्या वर्षी जर्मन शेतीवरचा एक लेख आला होता. बाईंनी भाषांतर केलं की वसंत ऋतूत शेतकरी शेतात शेणखत पसरतात. आमच्या साहेबांना जर्मन येत नव्हतं, पण तपासायची हौस दांडगी. त्यांनी मूळ लेखात पाहिलं, तिथे शब्द होता ‘मिस्ट’. आता मिस्ट म्हणजे धुकं हे साहेबांना शाळेपासून ठाऊक. त्यांनी हिरव्या शाईनं शेणखत खोडलं आणि धुकं केलं. मी तसंच टाइप केलं. शेतकरी शेतात धुकं पसरतात असं छापून गेलं आणि पंधरा दिवसांत एका कृषी संशोधकाचं खवचट पत्र आलं. साहेबांनी उजागरेबाईंना मेमो काढला. तो मेमोही मीच टाइप केला.

मला राहवेना. मी हस्तलिखित घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. “बाई, हिरवी शाई त्यांचीच आहे. दाखवा ना वर.”

त्यांनी कागद पाहिला, घडी घालून मला परत दिला. “दाखवून काय होईल? ते म्हणतील, जर्मनवालीनं मला सांगायला हवं होतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण तू आलीस हे बरं केलंस. बाई नको म्हणू. हेमाताई म्हण.”

तेव्हापासून आमचा डबा एकत्र.

त्या एका शब्दानं मात्र त्यांना धरलं ते धरलंच. एकच शब्द, एकच स्पेलिंग. इंग्रजाच्या तोंडी तो धुकं आणि शेजारच्या जर्मनाच्या तोंडी शेण, असं कसं? जेवताना त्या मला सांगायच्या. इंग्रजाचं मिस्ट विरळ, त्यातून किलोमीटरभर तरी दिसतं. डच माणूस मिस्ट म्हणाला तर मात्र दाट धुकं समजायचं, समोरची सायकल दिसणार नाही असं. जर्मनाला धुकं म्हणायचं तर त्याचा शब्द नेबेल, तो आपल्या नभाचा भाऊ. आणि मिस्ट म्हणजे गोठ्यातलं शेण. वैतागला की तोंडातून निघतं तेही मिस्टच. “आपण ‘घाण झाली’ म्हणतो ना, तसं,” हेमाताई म्हणायच्या.

त्या लोकांना पत्रं लिहायच्या. परदेशी टपालाचा निळा कागद, बारीक अक्षर. आइसलँडच्या हवामान खात्यातल्या कुणा बाईचं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी ते मला वाचून दाखवलं. तिकडे शब्द आहे मिस्तुर. पण ते ओलं धुकं नव्हे, कोरडं. हवेत धूळ किंवा राख भरून राहिली की म्हणायचं.

“म्हणजे मे महिन्यातली आपली दिल्ली,” मी म्हणाले.

त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या बोलण्यातलं काही कुणी लिहून घेतलंय, असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं.

पुढचा धागा त्यांच्या आईमुळे मिळाला. आईला मधुमेह होता. दवाखान्यात भिंतीवर हिंदीत तो शब्द लिहिलेला, आणि हेमाताई समोरच्या बाकावर तासभर नंबर लागायची वाट बघत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच म्हणाल्या, “देवयानी, मेह म्हणजे लघवी. मेहति म्हणजे मुततो. आणि मेघ म्हणजे ढग. आपला प्यून पावसाला काय म्हणतो?”

“मेंह बरस रहा है.”

“बघ! इकडे ढग आणि मूत, तिकडे धुकं आणि शेण. सगळं एकाच मुळातून आलंय. ओलं काहीतरी सांडणं.”

मला हसू आलं. त्या मात्र गंभीर होत्या. १९८९ साली त्यांनी पीएच.डी.साठी नाव घातलं. जर्मानिक भाषांमधला हवामानाचा एक शब्द, त्याचा उगम आणि अर्थ, असा विषय. मार्गदर्शक मिळाले डॉ. यशोधन आगाशे. दिल्लीतल्या मराठी मंडळींत सरांचा मोठा दबदबा. गणेशोत्सवात व्याख्यान त्यांचं, वाढदिवशी घरी रीघ. पहिल्या भेटीत त्यांनी हेमाताईंना विचारलं, “उजागरे म्हणजे ख्रिस्ती ना? मग संस्कृतची आवड कशी काय?” हेमाताईंनी मला हे हसत सांगितलं होतं. तेव्हा दोघीही हसलो.

१९९४च्या नोव्हेंबरात मी त्यांचा प्रबंध टाइप केला. तीनशे बारा पानं. बाहेर टाइप करून घेण्याऐवजी मीच म्हटलं, मी करते. कार्यालयात इलेक्ट्रिक मशीन आलं होतं, काम कमी असायचं. रोज दुपारी आणि पाचनंतर थोडं, असं करत महिन्यात संपवलं. जर्मन अक्षरांवरचे दोन ठिपके मशीनमध्ये नव्हते. ते हेमाताई काळ्या पेननं देत बसायच्या, एकेका पानावर मान खाली घालून. एक प्रत सरांकडे गेली.

काही महिने गेले. एका सकाळी त्या कार्यालयात आल्या त्या पर्स खांद्यावरून न काढताच माझ्याकडे आल्या. “मी चुकले.”

“काय झालं?”

“दुधाच्या बूथवर रांगेत उभी होते. वर पाटी आहे, दुग्ध. दुह् धातू, त्यापासून दुग्ध. दह् पासून दग्ध. बरोबर? मग मिह् पासून काय व्हायला हवं?”

“मिग्ध?”

“हवं ना? पण होत नाही. मीढ होतं. लिह् म्हणजे चाटणं, त्याचं लीढ होतं, तसं. म्हणजे हे ह दोन आहेत, देवयानी. एकातून ग परत येतो, दुसऱ्यातून येत नाही. दिसायला जुळे, आईबाप निराळे. मेघात घ आहे, तो मेहतिमधल्या ह चा कुणी लागत नाही. प्यूनचा मेंह हा मेघाचाच, फक्त घासून घ चा ह झालेला. मी त्यालाच फसले.”

“मग धुकं आणि शेण?”

“दोन वेगळे शब्द. इंग्रजाचं आणि डचाचं धुकं मेघाकडचं. जर्मनाचं शेण मेहतिकडचं. वाटेत झिजून सारखे झाले, एवढंच. सगळे विद्वान हे मानत नाहीत, पण मला आता दुसरं काही म्हणता येणार नाही. माझं चौथं प्रकरण गेलं.”

प्रकरण गेलं म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. सहा वर्षांचं काम स्वतःच्या हातानं मोडून माणूस इतका आनंदी होतो, हे मला कळत नव्हतं.

त्या सरांकडे गेल्या, चूक सांगितली. सर म्हणाले, “घाई करू नका. जुनी प्रत माझ्याकडे राहू दे, मी निवांत बघतो.” निवांत बघण्यात दोन वर्षं गेली. हेमाताईंनी चौथं प्रकरण नव्यानं लिहिलं, १९९७ साली प्रबंध सादर केला आणि सहा महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. आपल्या प्रबंधातली तीन प्रकरणं डॉ. आगाशे यांच्या १९९६ साली परदेशी नियतकालिकात छापून आलेल्या लेखाशी शब्दशः जुळतात, खुलासा करावा.

तो लेख त्यांनी तोवर पाहिलाही नव्हता. आमच्या कार्यालयातूनच मागवला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी पानं चाळली. आइसलँडची धूळ होती. डचाची सायकल होती. माझी मे महिन्यातली दिल्लीसुद्धा होती. आणि शेवटी ढग, मूत, धुकं, शेण सगळं एकाच मुळातून, ही त्यांची जुनी चूक, जशीच्या तशी.

“चूकसुद्धा सोडली नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

चौकशी समिती बसली. हेमाताईंनी सांगितलं, लेखातली चूक माझी आहे, ती मी नंतर दुरुस्त केली, म्हणजे आधी काय आणि नंतर काय ते उघड आहे. समिती म्हणाली, उलट, लेख वाचून तुम्ही तो सुधारला असं दिसतं. एक सदस्य म्हणाले, वैदिक धातूंची एवढी बारीक समज मिशनच्या शाळेत कशी आली? आगाशे सर समितीपुढे दुःखी चेहऱ्यानं बसले म्हणे. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला की असं होतं, म्हणाले.

आता सगळं एका तारखेवर आलं. प्रबंध १९९४च्या नोव्हेंबरात टाइप झाला हे सिद्ध झालं, तर लेख त्याच्या नंतरचा ठरणार होता. कार्बन प्रतीवर तारीख नव्हती. हेमाताईंखेरीज ती तारीख माहीत होती फक्त मला.

हेमाताई माझ्या टेबलाशी आल्या. “दोन ओळी लिहून दे. कधी टाइप केलंस, एवढंच.”

“देते की. बिल्कुल देते.”

मी मनापासून म्हणाले होते. त्याच संध्याकाळी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. कुणी त्यांच्या कानावर घातलं, मला माहीत नाही. ते गोड बोलले. “देवयानीजी, अगले महीने आपका प्रमोशन लग रहा है. अब आप लिखकर देंगी कि दफ़्तर की मशीन पर, दफ़्तर के टाइम में, किसी का प्राइवेट काम किया? सोच लीजिए.”

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “कशाला नसत्या भानगडीत पडतेस? ती आणि तिचे सर बघून घेतील.” सासूबाई म्हणाल्या, मोठ्या माणसाशी वैर नको. पण त्यांच्यावर ढकलत नाही. हात माझा होता. मी लिहिलं, “प्रबंधाचा काही भाग मी टाइप केला आहे, परंतु नक्की केव्हा हे मला आठवत नाही.”

हेमाताईंनी ते समितीच्या फायलीत वाचलं. परत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मशीनमध्ये कागद घालत राहिले.

“आठवत नाही असं लिहिलंस?”

त्या आपल्या टेबलावर गेल्या.

त्यांची नोंदणी रद्द झाली. कार्यालयाच्या फायलीतही शेरा आला, त्यामुळे संपादकाची जागा निघाली तेव्हा त्यांचं नाव पुढे गेलं नाही. मला प्रमोशन मिळालं. पुढची अठरा वर्षं आम्ही एकाच हॉलमध्ये, दोन टेबलांच्या अंतरावर बसलो. त्या भांडल्या नाहीत. कामापुरतं बोलायच्या, “देवयानी, पान सात पुन्हा टाइप कर.” डबा मात्र स्वतःच्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून खायच्या. त्यांची आई वारली तेव्हा मी फरीदाबादला त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला पाणी दिलं, पंखा लावला, आणि आलेल्या इतर बायकांशी बोलत बसल्या. २०१६ साली त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या चहाला बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मला काही सांगायचं नाही.” तेहतीस वर्षांचं काम संपवून दारातून गेल्या.

पुढे मीही फरीदाबादला आले. नवरा करोनात गेला, मुलगा मानस बंगळूरला असतो. हेमाताई तीन सेक्टर पलीकडे. ऐकायला यायचं की त्या घरी जर्मन शिकवतात. जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या नर्स मुली त्यांच्याकडे येतात, केरळच्या, झारखंडच्या, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी परीक्षेत नापास होत नाही. मी एकदा बाजारात त्यांना पाहिलं. भाजीवाल्याच्या गाडीवर वाकून त्या हातानं चाचपून टोमॅटो निवडत होत्या. आईचा आजार त्यांच्याकडेही आला होता आणि डोळ्यांत उतरला होता. मी बाजूच्या गल्लीतून निघून गेले.

२०२४च्या जानेवारीत त्यांचा फोन आला. नंबर कुठून मिळवला, कुणास ठाऊक.

“देवयानी? रविवारी आगाशे सरांचा सत्कार आहे, कोपर्निकस मार्गावर. मला मेट्रोच्या पायऱ्या दिसत नाहीत. येशील?”

“येते.”

“साडेअकराला निघू.”

त्या दिवशी धुकं एवढं होतं की दुपारी बारालाही मेट्रोच्या खिडकीतून काही दिसत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला होता, घट्ट. मंडी हाऊसला उतरल्यावर मी विचारलं, “हेमाताई, कशासाठी जातोय आपण?”

“मला त्यांना एक प्रश्न विचारायचा आहे.”

हॉल भरलेला. मंत्रालयांतली मराठी कुटुंबं, शालू, जाकिटं, मागच्या रांगांत राजेंद्रनगरहून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलंमुली. सर चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण ताठ. शाल, श्रीफळ झालं. भाषणांत त्या लेखाचा उल्लेख तीनदा झाला. मेघ आणि मिस्ट यांचं नातं जगाला दाखवणारे आपले सर, वगैरे. मग सूत्रसंचालक म्हणाला, कुणाला सरांना काही विचारायचं असेल तर विचारा.

हेमाताई उठल्या. मी त्यांच्या हातात माइक दिला. आवाज कापत नव्हता.

“सर, दुह् पासून दुग्ध होतं आणि दह् पासून दग्ध. मिह् पासून मीढ होतं, मिग्ध होत नाही. मग मेघातला घ आणि मेहतिमधला ह तुम्ही एक कसे धरले? तुमच्या लेखाचा निष्कर्ष त्याच्यावर उभा आहे.”

पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ, संस्कृतचे असावेत, मागे वळून बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला. त्यांनी ओळखलं होतं, मला दिसत होतं. मग ते हसले.

“प्रश्न चांगला आहे. मंडळी, या हेमलताबाई. माझं टायपिंग करायच्या त्या काळात. टायपिस्टलासुद्धा विषयाची गोडी लागावी, याहून मोठं समाधान काय हो शिक्षकाला?”

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, वाईट हेतूनं कुणी वाजवल्या नव्हत्या. हेमाताई माइक धरून तशाच उभ्या होत्या. बहुतेक टाळ्या थांबायची वाट बघत होत्या.

मी उठले. मला वाटलं नव्हतं मी उठेन. त्यांच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, “सर, टायपिस्ट मी होते. मी, देवयानी. प्रबंध यांचा होता. १९९४च्या नोव्हेंबरात मी टाइप केला, तुमच्या लेखाच्या दोन वर्षं आधी. तुम्ही यांचं काम चोरलंत.”

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, “बसा हो काकू.” कुणी म्हणालं, “सत्काराच्या दिवशी हे काय?” मागची दोन मुलं मोबाइल वर करून शूटिंग करायला लागली. सर हात जोडून शांत बसले होते. “वय झालं की आठवणींची गल्लत होते,” ते सूत्रसंचालकाला म्हणाले, माइकमध्ये ऐकू जाईल असं. सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माइक घेतला आणि जाहीर केलं की जेवण तयार आहे. लोक उठले. पुढच्या रांगेतले ते गृहस्थही उठले, आमच्याकडे एकदा बघून शेजारच्याशी कुजबुजत गेले.

बाहेर फुटपाथवर आल्यावर मी रडायच्या बेतात होते. मला वाटलं, आता त्या काहीतरी म्हणतील. सव्वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं मला वाटत होतं.

“आठवलं का आता?” त्या म्हणाल्या.

“हेमाताई, मला माफ…”

“मी त्यांना प्रश्न विचारला होता.” त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “टायपिस्ट म्हणाले, म्हणू देत. मी टाळ्या संपल्यावर पुन्हा विचारणार होते. तो पुढे बसलेला माणूस वळला होता, दिसलं नाही तुला? मला अंधुक दिसतं तरी ते दिसलं. दोन मिनिटांत सर अडकले असते. सगळ्यांना कळलं असतं की लेख चुकीचा आहे. तू मध्ये उभी राहिलीस आणि त्याचं भांडण झालं. आता उद्या लोक काय बोलतील? दोन म्हाताऱ्या येऊन तमाशा करून गेल्या. घ आणि ह कोण बोलेल?”

“मी तुमच्यासाठी बोलले.”

“नाही. अठ्ठ्याण्णव साली बोलली असतीस तर माझ्यासाठी झालं असतं. आज तू तुझ्यासाठी बोललीस.”

परत जाताना त्यांनी माझा दंड धरला नाही. एका कॉलेजच्या मुलीला म्हणाल्या, “बेटा, ज़रा सीढ़ी उतरवा दो.” मी चार पावलं मागून चालत राहिले.

तो व्हिडिओ मराठी मंडळींच्या ग्रुपवर दोन दिवस फिरला. खाली हसणारे चेहरे होते. मी स्टँपपेपरवर सविस्तर लिहून विद्यापीठात गेले. खिडकीवरचा बाबू चांगला होता बिचारा. त्यानं आत जाऊन शोधलं आणि सांगितलं, “मैडम, इतनी पुरानी फ़ाइलें तो कब की नष्ट हो गईं. अब इसे लगाऊँ किसमें?” कागद मी घरी आणला. आगाशे सर त्या मार्चमध्ये झोपेत गेले. वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली, मेघ आणि मिस्टसकट.

एप्रिलमध्ये पुन्हा फोन. “जर्मनीहून ईमेल आली आहे. अक्षर लहान आहे. मुलींना वाचायला सांगायची नाही मला. तू ये.”

मी त्यांच्या घरी छब्बीस वर्षांत दुसऱ्यांदा गेले. सव्वीस म्हणायचं होतं, दिल्लीत राहून असं होतं. दोन खोल्या, भिंतीवर क्रूस, आईचा फोटो, आणि मुलींसाठी पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांनी सत्कारानंतर घ आणि ह वर चार पानं लिहून एका जर्मन नियतकालिकाला पाठवली होती, एका विद्यार्थिनीला अक्षर अक्षर सांगून. उत्तर इंग्रजीत होतं. मी वाचलं.

संपादकांनी नम्रपणे लिहिलं होतं की तुमचा युक्तिवाद बरोबर आहे. परंतु हे दोन धातू वेगळे असावेत हे मत आमच्याकडे बरंच जुनं आहे, नव्या कोशांतही ते आढळतं. आपण उल्लेख केलेल्या १९९६च्या लेखाकडे या क्षेत्रात कुणी विशेष लक्ष दिलेलं नाही, त्यामुळे त्याचं खंडन छापण्याची गरज वाटत नाही.

“परत वाच. शेवटचं.”

मी परत वाचलं.

“कुणी लक्ष दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे दिल्लीबाहेर तो लेख कुणाला माहीतच नव्हता. आणि मी दुधाच्या रांगेत शोधलं ते तिकडे पुस्तकात होतंच. आपल्या लायब्ररीत ते पुस्तक नव्हतं, एवढंच.” त्या हसल्या. ते हसणं ऐकवत नव्हतं.

“पण तुम्ही कुणाचं न बघता काढलंत,” मी म्हणाले.

“हो. ते तुला माहीत आहे आणि मला.”

मी पर्समधून स्टँपपेपर काढून त्यांच्यासमोर ठेवला, तो काय आहे ते सांगितलं. त्यांनी बोटांनी कडा चाचपल्या, उचलून टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला.

“मंगळवारी आणि शुक्रवारी मुलींच्या वह्या तपासायच्या असतात. मला आता दिसत नाहीत. तू वाचून दाखव, मी चुका सांगेन, तू लाल पेननं कर. तुला जर्मन येत नाही, पण अक्षरं ओळखतेस.” उठताना खुर्चीची पाठ धरून म्हणाल्या, “माफ केलं असं समजू नकोस. डोळे नाहीत म्हणून बोलावते.”

“समजत नाही तसं,” मी म्हणाले.

दीड वर्ष झालं, मी जाते. चार वाजता जाते, सहाला निघते. वह्या वाचते, अक्षर चुकलं की त्या लगेच थांबवतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडच्या गिरिजा नावाच्या मुलीला व्हिसा मिळाला, ती पेढे घेऊन आली. हेमाताईंनी तिला खाऊ दिला नाही की आशीर्वाद दिला नाही, तिच्या वहीतलं शेवटचं पान माझ्याकडून वाचून घेतलं आणि त्यातल्या दोन चुका सांगितल्या. पेढे मला घरी न्यायला सांगितले, त्यांना चालत नाहीत.